काकांचा चमोटा

चमोट्यावर वस्तरा टेकवण्याआधी काका डावा तळहात चामड्यावरून वरून खाली सावकाश फिरवायचे. एकदा, दोनदा, चांगलं आठ-दहा वेळा. समोर गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलेलं, साबण वाळत चाललेला, आणि यांचं आपलं कुरवाळणं सुरू. मग पट्टा ताणायचा, मान जराशी कलती करायची आणि वस्तरा चालवायचा. चट, चट, चट. हे कशासाठी, किती वेळ, जोर किती, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं.

"हाताले इचारा. मले नोका इचारू."

या एका वाक्यानं माझं डोकं जेवढं फिरवलं तेवढं तीस वर्षांत शाळेतल्या पोरांनी फिरवलं नाही. मी विज्ञानाचा मास्तर. प्रश्नाला उत्तर असतं आणि ते फळ्यावर लिहिता येतं, या भरवशावर माझी आजवरची नोकरी चालली. अशा माणसाला हाताला विचार म्हणून सांगणं म्हणजे निव्वळ छळ आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या पद्धतीचा न्हावी पाहिला असेल त्यांना चमोटा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दीड हात लांब, चार बोटं रुंद असा चामड्याचा पट्टा, त्याच्या पाठीला तेवढाच जाड कापडाचा पट्टा. वर लोखंडी कडी, खाली मूठ. कडी खिळ्याला अडकवायची, मूठ धरून पट्टा ताणायचा आणि उघडा वस्तरा आधी कापडावर, मग चामड्यावर फिरवायचा. वस्तऱ्याला धार लागते ती दगडावर. रोजच्या वापरानं ती धार वाकडी होते, ती चमोट्यावर सरळ होते. काकांचा चमोटा त्यांना खामगावच्या त्यांच्या उस्तादाकडून मिळालेला, आणि उस्तादाला आणखी कुणाकडून. घोड्याचं चामडं होतं म्हणे. कडा करड्या पडलेल्या, पण मधला भाग काळा, तुकतुकीत. एका कडेला तीन जुन्या चिरा होत्या. त्या कुणी पाडल्या हेही मी विचारलं होतं. काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

काकांचं नाव लिहीत नाही. आमच्या डोणगावात त्यांना नावानं हाक मारणारे फार थोडे उरले होते, त्यातले एक माझे वडील. माझं जावळ काकांनीच काढलेलं, त्यामुळे चार लोकांत ते मला 'मास्तर' आणि 'तुमी' म्हणत आणि वैतागले की सरळ 'बे'वर येत. त्यांचं दुकान कधीच बंद झालं होतं. बसस्टँडजवळ पुतण्यानं सलून टाकलं, फिरती खुर्ची, मोठा आरसा, दर दाढीला नवं पातं. लोकांना रोगराईची भीती बसली, आणि ती काही चुकीची नव्हती. काका वस्तरा उकळत्या पाण्यातून काढत, तुरटीच्या पाण्यात बुडवत, पण ऐकतो कोण. शेवटी त्यांच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी म्हातारी गिऱ्हाइकं राहिली. हत्यारांची धोकटी काखेत मारून ते त्यांच्या घरी जात.

त्या गिऱ्हाइकांत आमचे आबा, म्हणजे माझे वडील, एक. आबा एसटीत कंडक्टर होते. पहाटेची गाडी असली तरी दाढी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. डावा गाल सैल पडून खाली उतरला. मी बाजारातलं साधं रेझर आणलं. ते सैल कातडीच्या घडीत अडकलं, रक्त आलं, आणि आबांनी चांगल्या हातानं माझा हात असा काही झटकला की रेझर मोरीत जाऊन पडलं. पुतण्याला बोलावलं. त्यालाही तीच वागणूक. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता, पण एक शब्द स्पष्ट यायचा. "कधी?" म्हणजे काका कधी येणार.

मग बुधवारी आणि रविवारी काका यायला लागले. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो पडलेला गाल कानाकडे वर ओढून धरायचे आणि वस्तरा असा उतरायचा की पाहणाऱ्यालाही गुदगुल्या व्हाव्यात. अर्धी दाढी होईतो आबा झोपलेले असायचे. रात्रभर डोळ्याला डोळा न लागणारा माणूस गळ्यावर उघडा वस्तरा असताना घोरतो, हे मला पटायचं नाही. काकांना विचारलं तेव्हा ते एकदाच, कधी नव्हे ते, सरळ बोलले.

"गिऱ्हाईक झोपलं म्हंजे हात बरा चालून राह्यला. जागं राह्यलं म्हंजे थे भेऊन राह्यलं. दुसरं काई समजाचं काम नाई."

संक्रांतीच्या सुमाराला एका रविवारी त्यांनी आबांचा उजवा गाल पूर्ण केला, डाव्याला हात घातला आणि मध्येच थांबले. वस्तरा मिटला. आज एवढंच, म्हणाले, आणि निघून गेले. आबा अर्धी दाढी घेऊन बसलेले, घरात हळदीकुंकवाला बायका येणार. मी इतका चिडलो की दुसऱ्या दिवशी ते राहिलेली दाढी पुरी करायला आले तेव्हा त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही. दाढी झाल्यावर त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती.

"आखाजीपस्तोर येतो. मंग तुमी करजा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, मले काय येते?"

"म्हनूनच आतापासून सांगून राह्यलो."

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तीन-साडेतीन महिने होते. मी वही आणली. तुम्हाला हसू येईल, पण मी खरंच पहिल्या पानावर तारीख टाकून 'चमोटा' असं शीर्षक लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या वहीत पुढे काहीच लिहिलं गेलं नाही. पहिले पंधरा दिवस काकांनी मला वस्तऱ्याला हातच लावू दिला नाही. चामड्यावरून फक्त तळहात फिरवायचा. मी विचारलं, घर्षणानं चामडं गरम व्हावं म्हणून का? हातावरचं तेल त्यात मुरावं म्हणून का? काका तंबाखू मळत बसले होते. हाताले इचारा, म्हणाले.

मग एक बोथट वस्तरा मिळाला. पाठ पुढे, धार मागे, असा तो चामड्यावरून न्यायचा. टोकाला पोचलं की पाठीवरूनच उलटा करायचा आणि परत आणायचा. हे मी त्यांच्या हाताकडे पाहून शोधलं, त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्याच दिवशी घाईत मी वस्तरा धारेवरून उलटला आणि कडेला चौथी चीर पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी चिरेवरून बोट फिरवलं, मग जुन्या तिघींवरून फिरवलं. "तीन माह्या," म्हणाले, "एक तुही." मला वाटलं आता तरी बोलतील, ती चूक कशी टाळायची ते सांगतील. छे. पट्टा पुन्हा माझ्या हातात दिला.

मी मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ शोधले. एक दाढीवाला गोरा माणूस चमोट्यावर चाळीस मिनिटं बोलत होता. मी तो काकांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला.

"हा बोलूनच राह्यला," ते म्हणाले. "कराचं कधी यानं?"

पण त्या गोऱ्यानं एक गोष्ट सांगितली होती. जुनं चामडं कोरडं पडतं, त्याला अधूनमधून तेल पाजावं लागतं. तेल कोणतं, तर गाईच्या खुरांपासून काढलेलं. ते डोणगावात मी मागायचं कुणाकडे आणि कोणत्या तोंडानं? तेवढ्यात काका आठ दिवसांसाठी लेकीकडे वरवट बकालला गेले. चमोटा आणि चांगला वस्तरा माझ्याकडे ठेवून गेले, जमलं तर आबांची दाढी कर, नाही जमलं तर मी आल्यावर पाहू, असं सांगून. विश्वासानं ठेवून गेले, हे मला आज लिहितानाही टोचतं. घरात जवसाच्या तेलाची बाटली होती. लहानपणी आम्ही क्रिकेटच्या बॅटला जवसाचंच तेल पाजायचो, बॅट कशी तुकतुकीत व्हायची. बॅटला चालतं ते पट्ट्याला का चालणार नाही, असा विचार मी केला. कापसानं दोन हात दिले, गच्चीवर उन्हात टांगला आणि काका आल्यावर कसे चकित होतील या कल्पनेत खूश होऊन खाली आलो.

जवसाचं तेल वाळतं आणि वाळताना चिवट होतं. रंगाच्या डब्यात ते घालतात ते याचसाठी. हे मी नववीच्या पोरांना शिकवलेलं आहे. तिसऱ्या दिवशी चमोटा पाहिला तर वर गुळाच्या पाकासारखा चिकट थर. वस्तरा टेकवला तो तिथंच धरला गेला. ओढला तर धार गेली. साबणानं पुसलं, कापड घासलं, रॉकेल लावलं. पाचव्या दिवशी मधला काळा तुकतुकीत भाग पिवळट आणि ताठ झाला होता. तीन पिढ्यांच्या हातांनी केलेलं काम मी एका दुपारी घालवलं होतं.

आबांची दाढी वाढत गेली. पांढरी, खरखरीत, अर्ध्या वाकड्या चेहऱ्यावर पसरलेली. त्यांनी भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली. त्यांचे जुने सोबती भेटायला आले तर आबा पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. एवढं आजारपण आलं, उठणं गेलं, बोलणं गेलं, पण त्यांना मी लाजलेलं तेव्हाच पाहिलं. मी पुन्हा पुतण्याला बोलावू का म्हणून विचारलं तर उत्तर एकच. "कधी?" मला त्यांचाही राग येत होता आणि काकांचाही. मुकाट बसण्याची या दोघांनी मिळून शपथ घेतली होती जणू. सगळ्यात जास्त राग त्या जवसाच्या बाटलीचा येत होता, म्हणजे माझाच.

काका आले. मी चमोटा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची पूर्ण तयारी ठेवली होती. त्यांनी अंगठा चामड्यावर दाबला, वास घेतला.

"जवस?"

"हाव."

त्यांनी चमोटा बाजूला ठेवला, आबांच्या खाटेपाशी गेले आणि त्यांचं तोंड हळूच आपल्याकडे वळवलं. त्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला गरम पाणी आणायला सांगितलं. धोकटीतून दुसरा वस्तरा काढला, दगडावर थोडा घासला आणि मग डावा हात पसरून वस्तरा आपल्या तळहातावर चालवायला लागले. पाठ पुढे, धार मागे, मनगटापासून बोटांपर्यंत आणि परत. उजवा हात थरथरत होता तरी वस्तरा तळहाताला टेकला की थरथर थांबायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिलो. तो तळहात मी पहिल्यांदाच नीट पाहिला. मधोमध काळा आणि तुकतुकीत, चमोटा होता तसाच.

वस्तरा त्यांनी माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो.

"माह्या हातानं आता गळ्यापाशी जाववत नाई बे," ते म्हणाले. "मी गाल ओढतो. तू चालव."

अशी ती दाढी झाली. गाल ओढून धरणारा हात त्यांचा, वस्तरा धरणारा माझा. कुठे जोर जास्त झाला की ते बोटं किंचित वर उचलत, तेवढंच. पाऊण तास लागला. दोन ठिकाणी रक्त आलं, त्यांनी तुरटी फिरवली. आबा पूर्ण वेळ डोळे सताड उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होते. झाल्यावर त्यांनी चांगला हात गालावरून फिरवला आणि भिंतीकडे वळले नाहीत.

जाताना काकांनी चमोटा धोकटीत टाकला आणि शाळेतून खडू आणून ठेव म्हणाले, पांढरे. कशाला, हे मी विचारलं नाही. पुतण्याच्या बायकोकडून नंतर कळलं की त्यांनी काचेच्या तुकड्यानं तेलाचा थर खरवडला, खडूची भुकटी चोळून आतलं तेल ओढून काढलं, झटकलं, पुन्हा चोळलं. सगळा पावसाळा दुपारभर ओसरीवर बसून चामड्यावरून हात फिरवत राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चमोटा माझ्या घरी आला. पूर्वीचा काळेपणा नव्हता, पण वस्तरा त्यावरून सरळ जात होता. आखाजी केव्हाच होऊन गेली होती. आबांची दाढी मीच करत होतो, पोळ्यापर्यंत दगडावर आणि माझ्या मऊ मास्तरी तळहातावर कशीबशी धार काढत. काका कधीतरी येऊन दाराशी उभे राहायचे, आवाज ऐकायचे आणि जायचे. मी मोठ्यानं विचारायचो, "काका, बराबर हाय का?" उत्तर तुम्हाला माहीत आहे.

थंडीत पुतण्या शाळेत आला. काका महिनाभर पडून आहेत, म्हणाला, दवाखान्यातून घरी आणलं. जेवत नाहीत ते एक, पण दाढीला हात लावू देत नाहीत. मी त्यांचाच माणूस, सर, माझं सलून आहे, आणि आमच्या घरात हा माणूस असा पडलाय. त्याला रडू येत होतं. मला मात्र आधी राग आला. आमच्या घरात एक हट्टी म्हातारा होता तेवढा पुरे नव्हता का?

रविवारी आबांची दाढी उरकून मी वस्तरा आणि चमोटा पिशवीत घातला आणि गेलो. काका अंगणात उन्हात बाजेवर पडले होते. जन्मभर गावाच्या दाढ्या केलेला माणूस, आरशाशिवाय स्वतःची दाढी करणारा, आणि गालावर बोटभर पांढरे केस. मी गरम पाणी मागितलं तेव्हा पुतण्याची बायको संकोचली.

"तुमी काऊन, सर? तुमी नोका करू," ती म्हणाली.

बाजेवरून काकांनी तिला हातानं पाणी आणायची खूण केली.

चमोट्याची कडी मी दाराच्या कोयंड्यात अडकवली. तळहात फिरवला, आठ-दहा वेळा. वस्तरा चालवायला लागलो. काकांनी उशीवरच मान कलती केली, अगदी तशीच, आणि ऐकायला लागले. थोड्या वेळानं एक बोट वर केलं.

"ढिला हाय," ते म्हणाले.

मी पट्टा ताणला. आवाज बदलला, मलाही कळला. बोट खाली गेलं. मग मी साबण लावला, दोन बोटांनी गाल कानाकडे ओढला आणि सुरुवात केली. त्यांची कातडी पातळ होऊन हाडाला लागली होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. डावीकडे वळलो आणि पाहिलं तर काका झोपले होते. तोंड थोडं उघडं, बारीक घोरणं.

मी दाढी पूर्ण केली, तोंड पुसलं, तुरटी फिरवली आणि बाजेच्या कडेला बसून राहिलो. उठले की विचारायचं होतं, बरोबर आहे का. एकदा तरी या माणसानं हो किंवा नाही म्हणावं, एवढीच माझी मागणी होती. ते उठले नाहीत. तासाभरानं मी चमोटा गुंडाळला आणि चरफडत निघालो. पुलापाशी आलो आणि आबांचं घोरणं आठवलं, आणि काकांनी एकदाच सरळ सांगितलेली गोष्ट आठवली, गिऱ्हाईक झोपलं म्हंजे हात बरा. स्कूटर बाजूला लावली. भर रस्त्यात, ओळखीची माणसं जात-येत असताना, मला रडू आवरेना.

त्यानंतर आठच दिवसांनी काका गेले. दहाव्याला पुतण्याचं डोकं त्याच्याच सलूनमधल्या माणसानं नव्या पात्यानं केलं. मी एका बाजूला उभा होतो. मला कुणी विचारलं नाही, विचारायचं काही कारणही नव्हतं.

चमोटा आता आमच्या खिडकीच्या गजाला असतो. मधला भाग जरा काळा व्हायला लागला आहे, की मला तसं वाटतं, ठाऊक नाही. बुधवारी आणि रविवारी मी आबांची दाढी करतो आणि आबा डोळे सताड उघडे ठेवून माझ्याकडे पाहतात. इतक्या महिन्यांत एकदाही पापणी मिटलेली नाही. परवा माझा तोल गेला. मी म्हटलं, आबा, तुम्ही एवढे कशाला घाबरता, काका झोपले होते माझ्या हाताखाली.

आबांनी बराच वेळ ओठ जुळवले. आजकाल त्यांना दोन-तीन शब्द जमतात.

"थकला होता थो," ते म्हणाले.

मी वस्तरा खाली घेतला, पट्ट्याची मूठ धरली आणि चमोटा आणखी थोडा ताणला.